कुमुदमावशीचा हात

कुमुद बापट या बाईचा हात चालतो, हे तिच्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. पुण्याच्या एका प्रवासी कंपनीत ती टूर मॅनेजर होती. निवृत्त बँकवाले, शाळांच्या माजी मुख्याध्यापिका, पोरं परदेशी असलेली जोडपी अशा लोकांची बस भरून ती युरोप दाखवून आणायची. साठी ओलांडलेली, बुटकी, अंगानं रुंद, आणि मनगटं अशी की लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण बसमधले पुरुष मुकाट्यानं तिच्याकडे आणून द्यायचे. सूचना द्यायच्या आधी ती बसच्या पत्र्यावर पंजा आपटायची. कुणी उशिरा आलं की पाठीत धपाटा. समोरचा पंचाहत्तरीचा असला तरी धपाटा. लोक पाठ चोळत हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच टूरला नाव घालायचे.

ती माझ्या आईची कॉलेजातली मैत्रीण, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. "मावशी, तू कधी शांत असतेस का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. "झोपेत," ती म्हणाली, "पण बापट तरीही हातभर लांबच झोपायचे." बापटकाका तोवर वारले होते. फोटोतल्या चेहऱ्यावरून ते कायमच थोडे दचकलेले वाटायचे.

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही. याच हातानं सिडनीत एका माणसाचा घोटा मोडला. आणि त्याआधी करोनाचे कितीतरी महिने तिनं हाच हात स्वतःच्या पोटाशी दाबून धरला होता, कारण तो उठला तर आपली मुलगी जिवानिशी जाईल अशी तिला भीती होती. तिला हाणामारी करताना मी पाहिलं आहे, आणि हात आवरताना पाहिलं आहे. हात आवरलेला बघणं जास्त कठीण होतं.

करोनाच्या आदल्या वर्षी आई-बाबा तिच्या टूरला निघाले तेव्हा मीही सिडनीहून जाऊन ऑस्ट्रियात त्यांना मिळाले. मुक्काम साल्झबर्गला होता. हिरव्या घुमटांची चर्चं, मधून वाहणारी गढूळ नदी, अरुंद गल्ल्यांत दुकानांवर लटकणाऱ्या नक्षीच्या लोखंडी पाट्या, आणि सगळ्याच्या डोक्यावर टेकडीवर बसलेला पांढरा किल्ला. मावशीनं चौकात उभं राहून किल्ल्याची माहिती सांगितली. "वर आर्चबिशप राहायचे. धर्माची माणसं. तोफा बघा कुठं रोखल्यात. बाहेर शत्रूवर नाही, खाली आपल्याच गावावर." मग तिनं सगळ्यांकडे एकवार बघितलं. "घरातल्यांचीच भीती जास्त असते. चला, आईस्क्रीम."

त्याच दुपारी गर्दीच्या गल्लीत एका पोरगेल्याशा चोरानं माझ्या आईच्या पर्सची चेन उघडली. आईला कळलंच नाही. मावशीला कळलं. तिनं त्याचं बोट धरलं, एकच बोट, आणि ते उलटं वाकवत नेलं. मला तो आवाज अजून आठवतो, वाळकी शेंग मोडल्यासारखा. चोर गुडघ्यांवर बसला आणि किंचाळायला लागला. माणसं जमली, पोलीस आले. चोर रडत होता आणि मावशी धडधाकट उभी, त्यामुळे त्यांनी पहिल्यांदा तिलाच बाजूला घेतलं. ती त्यांना शुद्ध मराठीत सुनावत राहिली. शेवटी समज देऊन सोडलं तेव्हा म्हणाली, "बघ अनघा, रडणाऱ्याचं आधी ऐकतात. जगात सगळीकडे तसंच."

दुसऱ्या दिवशी बसनं हॉलस्टॅटला गेलो. तळ्याकाठचं गाव. डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर लाकडी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. खिडक्यांतून लाल फुलं. तळं काळपट हिरवं, गार, त्यात हंस. सगळं इतकं सुंदर की बाबा म्हणाले, इथं कुणी मोठ्यानं बोलतही नसेल. खरंच तशा पाट्या होत्या, इथं माणसं राहतात, हळू बोला. मावशीनं पाटी वाचली आणि पुढच्या वळणावरच्या लोकांना ती ओरडून सांगितली.

गावात पुरायला जागा नाही. म्हणून पूर्वी काही वर्षांनी मेलेल्यांना उकरून काढायचे आणि कवट्या उन्हात वाळवून, त्यांवर नावं आणि फुलं रंगवून चर्चमागच्या खोलीत रचून ठेवायचे. ती खोली आजही आहे. आमच्यातल्या निम्म्या बायका दारातूनच परत फिरल्या. मावशी मला आत घेऊन गेली. ओळीनं कवट्या, कपाळांवर गुलाब, हिरवी पानं. एका बाईच्या कवटीला कानशिलावर खोक होती, फुलांच्या वेलाच्या अगदी खाली. "ही पडली नाही," मावशी म्हणाली. "हिला पाडली." मी म्हटलं, मावशी, उकरताना फावडं लागलं असेल. तिनं नुसती मान हलवली आणि मला बाहेर काढलं.

खाली धक्क्यावर बोटीसाठी रांग लागली होती. आमच्या टूरमध्ये देवधर म्हणून निवृत्त बँक मॅनेजर होते, फार सभ्य, सकाळी सगळ्यांना नमस्कार करणारे. त्यांची बायको कॅमेरा बसमध्ये विसरली. देवधरांनी हसत हसत तिच्या दंडाची कातडी दोन बोटांत धरली आणि पिळली. काकूही हसत होत्या, म्हणजे ओठ तसे ठेवून उभ्या होत्या. मग देवधरांनी त्यांना ढकललं. फार नाही, पण मागं लाकडी कठडा होता, त्यावर तोंड आपटलं आणि रक्त आलं. आम्ही सगळे तळ्याकडे बघायला लागलो. मावशी रांगेच्या टोकाला होती. ती आली आणि तिनं देवधरांच्या थोबाडीत दिली. धपाटा नाही, खांद्यापासून हात फिरवून दिलेली थप्पड. चष्मा उडून तळ्यात गेला आणि एक हंस तो खायला आला.

"माझ्या टूरमध्ये हात फक्त माझा उठतो," मावशी म्हणाली. आणि रुमाल काढून काकूंचं तोंड पुसायला लागली.

काकूंनी तो रुमाल झिडकारला. पुण्याला गेल्यावर देवधरांनी कंपनीकडे तक्रार केली, त्याखाली काकूंची सही होती, आणि बसमधल्या बऱ्याच जणांची. मावशीची नोकरी गेली. तिला वाईट वाटलं ते सहीचं नाही. "त्या बाईला आता घरी कोण बघणार?" एवढंच ती आईला म्हणाली.

नोकरी गेली म्हणून ती मोकळी झाली, आणि मोकळी झाली म्हणून फेब्रुवारीत सिडनीला मुलीकडे आली. तिची मुलगी रेवा आमच्याच टूनगॅबीत, दोन गल्ल्या सोडून राहते. रेवा एकुलती एक, बारीक आवाजाची, आईच्या अगदी उलट. जावई चिन्मय, आयटीत मॅनेजर. फार गोड माणूस असं सगळे म्हणायचे, मीसुद्धा. मंडळाच्या गणपतीत सोवळं नेसून पंगतीत वाढायचा, कुणाचं सामान हलवायचं असलं की स्वतःची गाडी घेऊन हजर, आणि वर "अरे नो वरीज." मावशी त्याला 'चिन्मयराव' म्हणायची, 'अहो-जाहो' करायची. जावई म्हणजे दशमग्रह, त्याला धपाटा घालत नाहीत. महिनाभरात देश बंद झाला, विमानं बंद झाली, आणि ती त्या घरात अडकली.

लॉकडाऊनमध्ये दोघींनी चालायला जायची परवानगी होती. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, शिफ्ट संपली की मी आणि मावशी ओढ्याकाठच्या पार्कात फिरायचो. ती मास्कमधूनसुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. पण जसजसे आठवडे गेले तशी बोलेनाशी झाली. तिकडे गल्लीत मात्र वेगळीच बातमी होती. रेवाच्या घरातून फुटल्याचे, ओरडल्याचे आवाज यायचे. चिन्मय भेटला की खांदे उडवून हसायचा. "आईंचा पारा. काय करणार, घरात कोंडल्यात." मराठी मंडळी कौतुकानं मान हलवायची, की बघा, कसली सासू सांभाळतोय.

एक दिवस मावशी मला म्हणाली, "मला बशा आणून दे. काचेच्या. स्वस्तातल्या."

"कशाला?"

"फोडायला."

मला वाटलं चेष्टा करते. मी ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, बशांची चळत आणून दिली. पंधरवड्यानं तिनं पुन्हा मागितल्या. तेव्हा मी पार्कातल्या बाकावर बसले आणि म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय आणणार नाही.

तिनं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला भीती वाटली. "तो तिला मारतो. बेडरूमचं दार लावून. तोंडात टॉवेल कोंबायला लावतो तिलाच, आवाज जाऊ नये म्हणून. आपण म्हणतो ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ते मी भिंतीतून ऐकते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातात बशी होती, ती पडली. तो बाहेर आला, माझ्यावर ओरडायला. म्हणजे तेवढा वेळ तिला सोडलं. तेव्हापासून तिकडे मार सुरू झाला की मी बशी फोडते. रेवाचा सगळा डिनर सेट संपला."

"मावशी, पोलिसांना फोन करूया. आत्ता."

"रेवा नाही म्हणते. विचारलं तर मी पडले म्हणेल. मी त्याला हात लावला की तो मला घराबाहेर काढणार, व्हिसाची मुदत त्यानंच वाढवून घेतलीय, रोज ऐकवतो. मग ती एकटी. मी घरात आहे ना अनघा, म्हणून तो तोंडावर मारत नाही. एवढंच माझ्या असण्याचं मोल आहे." तिनं दोन्ही हात काखेत घट्ट खुपसले होते. "हात इतके शिवशिवतात की मी कणीक मळत बसते. पोळ्या कोण खाणार इतक्या?"

मी घरी जाऊन फ्रिज उघडला. तिनं आमच्याकडे पाठवलेल्या पोळ्यांची चवड होती.

मी हेल्पलाइनवर बोलले. त्यांनी सांगितलं ते योग्यच होतं, की रेवा स्वतः तयार व्हायला हवी, जबरदस्ती केली तर धोका वाढतो. मी रेवाला चालायला बोलावलं. ती आली नाही. "बिझी आहे गं, सॉरी," एवढा मेसेज.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात सासूनं जावयाला विष्णू समजून वाण द्यायचं. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, चांदीच्या दिव्याबरोबर तेहतीस अनारसे द्यायचे. चिन्मयच्या आईनं पुण्याहून फोनवर सांगितलं, लग्नानंतरचा पहिलाच अधिक आहे, विहीणबाई आयत्या तिथं आहेत, योगच म्हणायचा. निर्बंध तेव्हा सैल झाले होते, पण पुण्याचे लोक येऊ शकत नव्हते, म्हणून सगळं व्हिडिओ कॉलवर. मावशी साफ नाही म्हणणार होती. रेवानं तिचे पाय धरले. "कर आई. तो महिनाभर खूश राहील."

मग मावशीनं तांदूळ भिजवले. तीन दिवस पाणी बदललं, वाळवले, कुटले, गुळात पीठ घट्ट मळून ठेवलं. अनारसे तळायला मी गेले नाही, माझी शिफ्ट होती. जे झालं ते मावशीनं मला त्याच दुपारी सांगितलं.

चिन्मय खुर्चीत बसला. पायांखाली परात. त्याच्या आईला पाय धुतलेले बघायचे होते, म्हणून फोन बुटक्या स्टुलावर, मसाल्याच्या डब्याला टेकवून, बरोबर परातीवर रोखलेला. फोनमध्ये पुण्याचं अख्खं घर, काका, आत्या, सगळे. त्यांना दिसत होते ते फक्त पाय, परात आणि मावशीचे हात. मावशीनं खाली बसून त्याचा उजवा पाय हातात घेतला. रेवानं तांब्यातून पाणी घातलं. पाणी जरा जास्त गरम होतं.

चिन्मयनं मावशीच्या डोक्यावरून हात नेऊन रेवाच्या कानाखाली मारली. उलट्या हातानं. तोंडानं एक शब्द नाही.

"तो आवाज माझ्या ओळखीचा होता," मावशी म्हणाली. "पण इतके दिवस मध्ये भिंत होती. पाय माझ्या हातात होता, अनघा. मला हात उचलावाच लागला नाही. मी नुसती उठले."

पाय न सोडता ती उठली, आणि उठताना तिनं तो पिळला. खुर्ची मागं गेली, चिन्मयचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं, आणि घोट्यातून हाड बाहेर आलं. तो ओरडला तेव्हा तिनं खाली पडलेला तांब्या उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. परत घातला. "आता 'अहो' नाही," ती म्हणत होती. "ऊठ. ऊठ ना आता, मार मला." रेवा मध्ये पडली म्हणून डोकं वाचलं. अनारसे फरशीभर पसरले होते, आणि त्यांच्यावर रक्त.

शेजारच्या टेरीनं, म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियनानं, पोलिसांना फोन केला. मी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स निघत होती. पोलिसांनी रेवाला वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आईला राग येतो. नेहमीच." पुण्याच्या सगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट पाहिली होती, बाईनं पाय धरला आणि मोडला. थपडेचा आवाज ऐकला का, विचारलं तर चिन्मयची आई म्हणाली, परातीत काहीतरी पडलं असेल. आणि खुद्द आरोपी बाई इंग्रजीत छाती पुढे काढून सांगत होती, "यस, आय डिड. आय विल डू अगेन."

तिच्यावर केस झाली. चिन्मयच्या आणि घराच्या जवळपास फिरकायचं नाही असा आदेश निघाला. ती आमच्याकडे राहायला आली. त्या रात्री ती जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं. ती बाहेर, आणि रेवा आत.

परतीच्या खास विमानात जागा मिळत होती. माझा नवरा अजित चांगल्या मनानं म्हणाला, "मावशी, जमतंय तर जा परत. इथं केस वाढत जाईल." तिनं हातातला कप भिंतीवर फोडला. मग केरसुणी आणून सगळे तुकडे गोळा केले, फरशी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बस स्टॉपवर जाऊन बसली. वकिलाला विचारून बसली. तो बाक आदेशाच्या हद्दीबाहेर होता आणि तिथून रेवाचं दार दिसायचं.

मग रोजच. सकाळी फ्लास्क घेऊन जायची, मी शिफ्टवरून येताना गाडीनं घेऊन यायचे. बसेस थांबायच्या, ड्रायव्हर दार उघडायचा, ती मान हलवायची. मराठी बायका समोरच्या फुटपाथनं जायला लागल्या. टेरी मात्र येऊन चहा द्यायचा. "आय थॉट इट वॉज यू, लव्ह. ऑल दोज प्लेट्स," असं तो एकदा म्हणाला. "इट वॉज मी," मावशी म्हणाली.

"याचा उपयोग काय, मावशी?" मी विचारलं.

"तो पडद्याआडून बघतो. प्लास्टर घालून खिडकीत येतो. मी दिसते तोवर त्याचा हात खाली राहत असेल."

"आणि नाही राहिला तर?"

"तर मी दार फोडणार. मग तुमच्या कोर्टाला म्हणावं, घाला आत."

तिचा चेहरा असा झाला होता की मला त्या दाराचीच काळजी वाटली. रेवा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला यायची, पण वर बघायची नाही. मावशी हाक मारायची नाही. मला रेवाचा संताप यायचा, आणि तो आला की माझीच लाज वाटायची.

एका दुपारनंतर मी मावशीला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोन होतात, पण ती आता जिथं राहते तिथला पत्ता कुणालाच, मलाही, देत नाहीत. म्हणून ती दुपार जशी होती तशी सांगते. ऊन मी म्हणत होतं, डांबर मऊ झालं होतं. मी गाडी स्टॉपपाशी लावून उतरले, आणि रेवाच्या घराचं दार उघडलं. रेवा बाहेर आली. पायांत चप्पल नव्हती. तिच्यामागं दारात कुबड्यांवर चिन्मय, तोच गोड आवाज. "रेवा, कम इनसाइड, प्लीज. लोक बघतायत." ती चालत राहिली. जवळ आली तेव्हा दिसलं, तिचा डावा डोळा मिटलेला होता, आणि गाल जांभळा होऊन जबड्यापर्यंत सुजला होता.

मावशी उठून उभी राहिली. मास्क काढला. हात पुढे केले.

रेवानं तिच्या छातीवर बुक्की मारली. मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी, खांद्यावर, गळ्यावर, तोंडावर. "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तू घरात होतीस तोवर तोंडावर मारत नव्हता ना तो? बाहेर काढून घेतलंस स्वतःला. मला टाकून. रोज इथं बसून काय बघत होतीस?" तो बारीक आवाज फाटला होता. मी रेवाला धरायला धावले.

"लांब राहा, अनघा," मावशी म्हणाली. "मारू दे तिला."

तिचे हात खाली, दोन्ही बाजूंना लोंबत होते. ज्या बाईवर आजवर कुणी बोट उचललं नव्हतं ती प्रत्येक बुक्कीला थोडी मागं जायची आणि परत होती तिथं येऊन उभी राहायची. बस आली, ड्रायव्हरनं पाहिलं, दार उघडलं नाही, निघून गेला. शेवटी रेवाच्या मुठी उघडल्या आणि ती आईच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागली. तेव्हा कुठे मावशीनं हात उचलला, आणि तिच्या पाठीवर ठेवला.

तिनं रेवाला गाडीत मागं बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. चिन्मय अजून दारातून हाका मारत होता. मावशीचा ओठ फुटून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. तिनं ते पुसलं नाही. वरून मास्क ओढला, आणि मला म्हणाली, "गाडी काढ."